तो गोल माझ्या नावावर

मी, खाली सही करणारा, सोफे आणि गाद्या शिवण्याचा धंदा करून आता निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला आणि कळायला लागल्यापासून आमच्या शहराच्या हॉकी क्लबचा पाठीराखा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. प्लेऑफच्या दिवशी ते नव्हते, पण तो विषय पुढे येईलच. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही आणि चहापलीकडे काही प्यायलेलो नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आपण मरू असे मला कधी मनापासून वाटले नव्हते. त्या सामन्यानंतर अधूनमधून वाटते.

वकीलबाई म्हणाल्या, आधी स्थावर मिळकत लिहा, मग जंगम. माझी स्थावर मिळकत म्हणजे हे दोन मजल्यांचे घर. जंगम म्हणजे मुख्यतः शिलाई मशीन, जे जागचे हलवायला चार माणसे लागतात. कायद्याचे काय जाते बोलायला.

कलम १. घराचा वरचा मजला, जिथे आम्ही राहतो, तो माझ्यामागे माझ्या मुलीचा. खालचा, जिथे माझे दुकान होते, तो मुलाचा. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याला हॉकीत काडीचा रस नाही आणि लहानपणी यावरून मी त्याला बरेच टोचून बोललो आहे. ते बोलणे मी मागे घेतो. बायको गेल्यापासून मुलगी माझ्याजवळ राहते, म्हणून तिला वरचा मजला. त्याला खिडक्या जास्त आहेत. मुलाने मनात काही आणू नये.

कलम २. बँकेतली ठेव दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. मला निरोप देताना क्लबच्या अध्यक्षांना बोलायला उभे करू नये. ते एकदा उभे राहिले की खाली बसत नाहीत, आणि लोकांना घरी कामे असतात.

कलम ३. मशीन, मोठ्या कात्र्या, वाकड्या सुया आणि खिळे ठोकायची हातोडी रस्त्यापलीकडच्या गादीवाल्याला द्यावी. त्याने माझी चांगली चांगली गिऱ्हाइके गोड बोलून पळवली आणि वर मलाच विचारले, की हल्ली धंदा मंद आहे का? तरीही त्याचा टाका सरळ असतो. अवजारे चांगल्या हातात पडली पाहिजेत, मग तो हात कोणाचा का असेना.

कलम ४. माझ्या मेहुण्याने दिवा बदलायला म्हणून नेलेली लाकडी शिडी अजून त्याच्याकडेच आहे. विचारले की म्हणतो, ती पहिल्यापासून आमचीच. ती त्याने ठेवावी. मात्र शिडी माझी होती, हे त्याने सर्व नातेवाइकांसमोर उभे राहून कबूल करावे, तरच.

कलम ५. हे कलम लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठून चहा केला.

माझी मुलगी आमच्या क्लबच्या महिला संघाची गोलकीपर आहे. तिला गोलकीपर मीच केले. ती लहान असताना दुकानाचे शटर हा आमचा गोल असे. सोफ्याच्या फोमचे तुकडे मी तिच्या पायांना पट्ट्यांनी बांधायचो आणि चेंडू मारायचो. ती शटरला चिकटून राहायची. मग मी ओरडायचो, “बाहेर ये!” आणि ती धावत पुढे येऊन चेंडू अडवायची. माझ्या आवाजावर तिचे पाय आपोआप उचलले जायचे. मला याचा भारी अभिमान होता. मोठी होऊन ती क्लबात गेली, तेव्हा तिने मला स्पष्ट सांगितले, “बाबा, माझ्या गोलमागे बसा, पण गप्प बसा. तुमचा आवाज आला की माझं डोकं चालेनासं होतं, पायच चालतात.” मी कबूल केले आणि यंदाचा सगळा हंगाम तोंड दाबून बसलो.

प्लेऑफचा, म्हणजे आम्ही वरच्या गटात टिकणार की खाली जाणार हे ठरवणारा, सामना बरोबरीत सुटला आणि शूटआउटवर गेला. त्यात समोरची एक खेळाडू चेंडू घेऊन एकटी धावत येते आणि तिच्यासमोर फक्त गोलकीपर असते. शेवटची पाळी त्यांची होती. ती अडली असती तर आम्ही वाचलो असतो. माझी मुलगी रेषेवर थांबून राहिली. ती का थांबली होती हे मला ठाऊक होते. त्या खेळाडूची खोड अशी, की गोलकीपरला पुढे ओढायचे आणि बगल द्यायची. आदल्या दिवशी जेवताना मुलीनेच मला हे समजावून सांगितले होते. मी मान डोलावली होती. आणि तरी त्या क्षणी, आजूबाजूला सगळेच आरडाओरडा करत असताना, मी खुर्चीवरून उठलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “बाहेर ये!”

ती आली. दोन पावले पुढे आली, मग तिच्या लक्षात आले, पण तोवर समोरचीने वळसा घालून मोकळ्या गोलात चेंडू ढकलला होता.

माझ्या मागून कोणीतरी किंचाळले, “कोणी सांगितलं होतं हिला पुढे यायला?” शेजारी माझा वर्षानुवर्षांचा सोबती बसला होता. सगळे त्याला थर्मास म्हणतात, कारण तो थर्मास घेतल्याशिवाय मैदानावर येत नाही. त्याच्याकडे न बघता मी म्हणालो, “कोण जाणे.” फाटकाबाहेर दोघे जण तिच्या नावाने बोटे मोडत होते, तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. नाडी सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचे म्हणणे आले, “निर्णय माझा होता. चुकला.” ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिथे एका गिऱ्हाइकाने सुटे पैसे तिच्याकडे भिरकावले आणि म्हणाला, “हे तरी अडव.” हे मला तिने नाही, तिच्या मालकाने सांगितले. घरी ती माझ्याशी कामापुरते बोलते. क्लब आता तिला काढायच्या विचारात आहे आणि त्यासाठी रविवारी सभा ठेवली आहे. ही सगळी माझी करणी आहे, आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो.

म्हणून मी लिहून ठेवतो की, तो गोल माझा आहे. तो माझ्या नावावर लावावा. माझ्यामागे हे कलम क्लबात मोठ्याने वाचावे, म्हणजे मुलीवरचा डाग निघेल.

(वरचा मजकूर शुक्रवारी लिहिला. पुढचा सोमवारी लिहीत आहे. मध्ये काय झाले ते सांगणे भाग आहे, नाहीतर खाडाखोड का केली ते कोणाला कळणार नाही.)

शुक्रवारी संध्याकाळी मी थर्मासला साक्षीदार म्हणून सही करायला बोलावले. वकीलबाई म्हणाल्या होत्या की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. मी मुद्दामच त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून शांतपणे वाचला.

“यात नवीन काय आहे?” तो म्हणाला. “माझ्या कानातच ओरडलात की हो. चहा सांडला माझा मांडीवर.”

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“मुलगी तुमची. म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. आणि तुम्ही हे काय काढलंत? शिडीचं मेहुण्यानं सगळ्यांसमोर कबूल करायचं, आणि गोलचं तुम्ही मेल्यावर? तब्येत बघा तुमची, घोड्यासारखी. पोरीनं अजून वीस वर्षं शिव्या खायच्या का?”

मी म्हणालो, सही तर करा. त्याने पेनाला टोपण लावले आणि ते माझ्या खिशात खोवले. “रविवारी बोला,” तो म्हणाला. “सोमवारी सही करतो.”

रविवारच्या सभेत मुलगी शेवटच्या रांगेत, अंगातला कोटही न काढता बसली होती. मी उभा राहिलो. मैदानाच्या या टोकाचा माझा आवाज त्या टोकाला जातो, अशी माझी ख्याती, पण तिथे तो पुढच्या रांगेपलीकडे जाईना. “मी ओरडलो होतो,” म्हणालो, तर सेक्रेटरी म्हणाले, “जरा मोठ्यानं बोला, मागे ऐकू येत नाही.” लोक हसले. मग मी मोठ्याने सगळे सांगितले. शटर, फोम, सवय, ते ओरडणे, आणि नंतरचे “कोण जाणे”सुद्धा.

पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, “काका, पोरीला वाचवायला तुम्ही काहीही सांगाल.” आणि बऱ्याच माना डोलल्या. एवढे दिवस गप्प बसल्याची ती शिक्षा होती. खरे सांगायला उभा राहिलो तर ते कोणाला खरे वाटेना. तेव्हा थर्मास उठला आणि त्याने मांडीवर सांडलेल्या चहाची हकीकत सांगितली. ती मात्र सर्वांना पटली.

मग मागून मुलगी उभी राहिली. “आवाज मला आला होता,” ती म्हणाली. “पण पाय माझे होते. मला खेळायचं आहे. ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा.” हात वर झाले आणि थोडक्यात का होईना, ती राहिली. त्यानंतर अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

तेव्हा कलम ५ मधली वाचून दाखवण्याची सूचना मी रद्द करतो. काम झाले आहे. कलम ४ मधली “सर्व नातेवाइकांसमोर” ही अटही काढतो. मेहुण्याने शिडी खुशाल वापरावी. लोकांसमोर उभे राहिल्यावर आवाजाचे काय होते, ते मला आता माहीत आहे.

घरी येताना मुलगी पूर्ण रस्ताभर माझ्यापुढे चालत होती. दाराशी किल्ली शोधताना थांबली.

“पेपरात वाचलं होतंत ना, मी काय म्हणाले ते?”

“वाचलं होतं.”

“मला वाटलं, ते वाचल्यावर तरी बोलाल. रोज सकाळी वाटायचं.”

तिने मला माफ केले असे ती म्हणालेली नाही, आणि माफी मागायला माझी जीभ वळलेली नाही. किल्ली सापडली तरी ती दार उघडेना.

“पुढच्या हंगामात माझ्या मागे बसायचं नाही,” ती म्हणाली. “समोरच्या गोलमागे बसायचं. मध्यंतराला बाजू बदलल्या की तुम्हीही उठून पलीकडे जायचं.”

“माझा गुडघा दुखतो गं.”

“मग लवकर निघायचं.”

“आणि ओरडायचं नाही?”

“ओरडा की. त्यांच्या गोलकीपरला ऐकू जाऊ दे.”

कलम ६. ही अट मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाई म्हणतात, कारण ती जिवंतपणी पाळायची आहे. मी ती तरीही लिहून ठेवतो, आणि मला ती मान्य आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि राजीखुशीने सही केली.

स्थळ: घराचा वरचा मजला, जेवणाचे टेबल
तारीख: सभेनंतरचा सोमवार

सही: मृत्युपत्र करणार, गोलकीपरचे वडील

साक्षीदार पहिला: थर्मास. यांनी माझ्यासमोर सही केली. सही त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसरी: वकीलबाई. मुलगी शेजारच्या खोलीत होती. तिला बोलावू का, असे मी विचारले. ते म्हणाले, नको, उद्यापासून तिचा सराव आहे, झोपू द्या.