पाचवीच्या दिवशीची सही

परभणी, मंगळवार, दि. १६ फेब्रुवारी १९९३, दुपारी पावणेचार.

प्रिय गीता,

काचेबाहेर बसून बाळाचे श्वास मोजत होतो, ते सोडून लिहायला घेतलं. छाती बाळाची हलते, पण श्वास अजून मशीनचा आहे. मी वहीत सगळं टिपतो: ताप किती, नळीतला कफ किती वेळा ओढला, रंग कोणता. तिथंच चुकलं. काल 'पिवळा' लिहिलं, छातीच्या फोटोत फुफ्फुसावर डागही आला, आणि मी ते तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते लगेच मेडिकलमधून भारी इंजेक्शनं घेऊन आले.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. घशात नळी असली की कफ पिवळा होतोच; नळीत जंतू सापडले म्हणजे ते फुफ्फुसात गेले असं नाही. डाग कफ अडकूनही पडतो, म्हणून बाळाला त्यांनी कुशीवर वळवून ठेवलं होतं. आज सकाळच्या फोटोत तो डाग नाही. न्युमोनिया असा एका दिवसात जात नाही म्हणाल्या. रक्ततपासणीतही जंतू निघाले नाहीत. म्हणून आणलेली इंजेक्शनं द्यायची नाहीत, आणि जंतूंसाठी जन्मल्यापासून चालू असलेल्या सुयाही बंद करायच्या. उगाच देत राहिलं तर खरी गरज पडेल तेव्हा औषध चालणार नाही. ताप आला, ऑक्सिजन जास्त लागला, तर बाई लगेच परत सुरू करतील.

तुझ्या बाबांना पटलं नाही. "नववी नापास जावई आन् डॉक्टरीण, दोघांनी शाळा भरवलीय. सुई बंद केली म्हंजी लेकराला सोडूनच दिलं की." सगळ्या वॉर्डानं ऐकलं. मग बाईंनी सुया बंद करायच्या संमतीचा कागद पुढं केला: बापानं ठरवावं. आज बाळाची पाचवी. घरी सटवाईपुढं कोरा कागद अन् लेखणी ठेवली असती, तिनं काय ते लिहिलं असतं. इथं लेखणी माझ्या हातात आली. मी तीनदा वाचून सही केली. तेव्हापासून वहीतला प्रत्येक आकडा मला चुकल्यासारखा वाटतो, म्हणून दोनदा मोजतो. उठून कुठं जाता येत नाही, बसवतही नाही.

बन्सीधर संध्याकाळच्या गाडीनं पूर्णेला तुमच्याकडं येतोय, त्याच्या हाती हे देतो. तुझे बाबा उद्या तिकडं येतील आणि सांगतील, मी औषध तोडलं. ते खरं आहे, पण तुला आधी माझ्याकडून कळावं. तुला विचारायला वेळ नव्हता. तुझं मन नाही म्हणत असेल तर उलट चिठ्ठी पाठव, मी सही मागं घेईन. पण गीता, तशी चिठ्ठी पाठवू नकोस.

तुझाच,
मुंजाजी