भिंगाखालचे वण

बाई, तुम्ही दिलेलं भिंग आज फार दिवसांनी ड्रॉवरमधून काढलं. काढलं नसतं तर बरं झालं असतं, असं आत्ता लिहिताना वाटतंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यासाठी आणलेले निळे एरोग्रॅम, ती घडी घालून चिकटवायची विमानाची पत्रं, माझ्याकडे शिल्लक आहेत. त्यातल्याच एकावर लिहिते आहे.

इथे न्यू जर्सीत, आमच्या पिस्कॅटवेच्या घरामागे मेपलच्या सावलीत एक लेडीज स्लिपर आहे. जमिनीत वाढणारं ऑर्किड. फूल म्हणजे बाहुलीच्या पायात मावेल एवढी पिवळी सपात. सगळा हिवाळा बर्फाखाली काढतं आणि मे महिन्यात वर येतं. सहा वर्षांपूर्वी, १९८० साली, लग्नाच्या वाढदिवसाला यांनी मला ते आणून दिलं. तुम्ही विचारला असतात तोच प्रश्न मी आधी विचारला, "जंगलातलं नाही ना?" हे म्हणाले, "अगं, नर्सरीतलं आहे." तेव्हा दोन दांडे होते, यंदा अकरा आले. मंडळातल्या बायका बघायला आल्या की "आम्हाला एक दे की गं" सुरू. म्हणून ठरवलं, नवरात्रातल्या हळदीकुंकवाला यंदा स्टीलच्या वाट्या नकोत, प्रत्येकीला एका कुंडीत दोन-दोन कोंब द्यायचे. स्वतःवर जरा खूशच होते मी.

पानं पिवळी पडली की गड्डा काढायचा, माती पाण्याने सोडवायची, मुळं शेवयांसारखी हलक्या हाताने विंचरायची आणि सुरी शेवटी लावायची. आज लेकीला पाण्याची होज धरायला उभं केलं होतं. माती वाहून गेली आणि आडवं खोड उघडं पडलं. दरवर्षीचा दांडा वाळला की त्यावर एक गोल वण राहतो. आल्याच्या तुकड्यावर वण मोजायला तुम्हीच शिकवलंत. सवयीने भिंग लावलं आणि मोजले. तेवीस. पुन्हा मोजले. आमच्याकडे ते सहाच वर्षं आहे, म्हणजे नर्सरीवाल्याने सोळा-सतरा वर्षांचं जुनं रोप विकलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. तेही शक्य आहे. पण खोडाचा सगळ्यात जुना भाग एका दगडाला मिठी मारून वाढला होता. करडा, चुनखडीचा दगड. आमच्या अंगणात खणलं की तांबडी माती आणि तांबडा दगड. असा करडा दगड मी एकाच ठिकाणी पाहिला होता, उत्तरेकडच्या डोंगरातल्या त्या ट्रेलवर, जिथे आम्ही, हे रोप घरी आलं त्याच वसंतात, चालायला गेलो होतो.

हे गॅरेजमध्ये कुंड्या धूत होते. मी नुसता दगड पुढे धरला. रिकाम्या रस्त्यावरही स्टॉप साइनला पूर्ण थांबणारा हा माणूस, बाई, दगडाकडे बघून खाली बसला.

"तू त्या फुलापुढे गुडघे टेकून बसली होतीस. उठेचनास. दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह घेतली आणि ड्राइव्ह करून गेलो."

"सो डॅड स्टोल इट?" लेक होज तशीच वाहती ठेवून म्हणाली. तिला मजा वाटत होती.

"सहा वर्षं!" मी म्हटलं. "सहा वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"सांगणार होतो गं. त्याच आठवड्यात तू आलेल्या पाहुण्यांना तुझी आंबोलीची गोष्ट सांगितलीस. बाईंनी तुला कसं रोप परत लावायला पाठवलं, आणि तू कशी एकटी एसटीने गेलीस. ते ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?"

मी हातातला दगड उलटसुलट करत राहिले. त्यांना वाटलं, मी रागावले आहे.

कॉलेजची ती आंबोलीची सहल तुम्हाला आठवत असेल. परतताना माझ्या जेवणाच्या डब्यात झाडावरचं छोटं ऑर्किड सापडलं. सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणालात, "शास्त्र शिकायला आलीस की चोऱ्या करायला? रविवारी जा आणि जिथून काढलंस तिथे बांधून ये." सोमवारी प्रयोगशाळेत विचारलंत, "बांधलंस?" मी म्हटलं, "हो, बाई." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि स्वतःचं भिंग काढून माझ्या हातावर ठेवलंत. "राहू दे तुझ्याकडे. तुझ्यावर विश्वास टाकायला हरकत नाही."

बाई, मी आंबोलीला गेलेच नव्हते. कोल्हापूरच्या स्टँडवर गेले होते, एवढं खरं. गाडी भरलेली होती, आणि दुपारी मैत्रिणींबरोबर सिनेमा ठरला होता. रोप मी हॉस्टेलमागच्या पेरूला सुतळीने बांधलं. दिवाळीच्या सुट्टीहून आले तेव्हा ते सुतळीसारखंच वाळलं होतं. मग ती गोष्ट सांगत राहिले, इतकी वर्षं, इतक्या जणांना, की एसटीच्या खिडकीतून दिसलेला घाटसुद्धा मला आठवायला लागला होता. आज दगड हातात घेऊन उभी असताना तो घाट डोळ्यांपुढून पुसला गेला आणि पेरूचं झाड तेवढं उरलं.

एकही कोंब मोडला नव्हता, हे नशीब. हे आता अख्खा गड्डा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळताहेत, दगडासकट. उद्या त्या ट्रेलवर जाऊन, जिथून काढला तिथेच लावायचा. तिथल्या लाकडी पुलापासून किती पावलं, तेही त्यांच्या लक्षात आहे. मंडळातल्या बायकांना स्टीलच्या वाट्याच मिळतील. मघाशी हे दारात येऊन म्हणाले, "तुझ्या बाई असत्या तर मला माफ केलं असतं का गं?" मी म्हटलं, "माहीत नाही."

एरोग्रॅमवरची पत्त्याची जागा कोरीच ठेवते आहे. भिंग पुसून टेबलावर ठेवलंय. त्यांनी खरं सांगितल्याला चार तास झाले. मी अजून सांगितलेलं नाही.