कोरा राहिलेला रकाना

तीर्थरूप मामा,

तुमच्या एकुलत्या एका भाचीचा नमस्कार. हात अजून जोडलेलेच आहेत, कपाळावर मारायला लागतील तेव्हाच सोडीन. तुमची कंबर कशी आहे? मामीचा चष्मा सापडला का? (नसेल तर तुमच्या डोक्यावर बघा, मागच्या वेळी तिथेच होता.) इकडे सगळं मजेत. म्हणजे बाबा गेले अकरा दिवस माझ्याशी बोललेले नाहीत, दादा मला ‘संशोधकबाई’ म्हणून हाक मारतो, आणि माझा बारावीच्या विषयांचा अर्ज बाबांनी सही न करता ड्रॉवरमध्ये टाकला आहे. शनिवारी शेवटची तारीख. तोवर सही झाली नाही तर माझं सामाजिक मानवशास्त्र सुटणार आणि त्याच्या जागी व्यावसायिक पत्रव्यवहार येणार. (मला पत्रव्यवहाराची किती गरज आहे ते या पत्रावरून ठरवा.)

आता, मामा, मूळ दोष तुमचा आहे. गेल्या वर्षी आमच्या सोफ्यावर रेलून तुम्हीच म्हणालात, की घेऊ दे हा विषय, पोरीला माणसं कळतील. कळली. ती परत न कळण्याचा काही उपाय असेल तर उलट टपाली कळवा.

झालं असं, की बाईंनी प्रकल्प दिला. माणसांचा कुठलाही एक गट निवडायचा, महिनाभर त्यांच्यात राहून निरीक्षण करायचं, आणि दिसेल ते लिहायचं. मत लिहायचं नाही. वर्गातल्या एकीने हॉस्पिटलची कँटीन घेतली, एकाने रिक्षाथांबा घेतला. मला लोहाराची भट्टी हवी होती, पण बाबा म्हणाले, वयात आलेल्या मुलीने परक्यांकडे टक लावून बघायचं नाही, काय बघायचं ते घरात बघ. मी आज्ञाधारक मुलगी. घरात बघितलं.

सुरुवात वंशावळीने केली. त्यात पुरुष म्हणजे त्रिकोण आणि बाई म्हणजे वर्तुळ. दादाने लगेच विचारलं, त्रिकोणाला चहा मिळेल का? आणि वर्तुळ उठलंसुद्धा! मी ते तारीख-वेळेसकट टिपलं. तिथून माझा हात थांबेना. तक्ता एक, कोण कुठे बसतं. तक्ता दोन, कोण कधी जेवतं. (एकतीस रात्रींपैकी आई सगळ्यांबरोबर तीनदा बसली, त्यातल्या एकदा पाय मुरगळला होता म्हणून.) तक्ता तीन, आईला दिवसभरात कोण काय विचारतं. ‘कुठे आहे?’ एकशे त्रेचाळीस वेळा, ‘झालं का?’ अडुसष्ट, ‘हे काय केलंस?’ बावीस. ‘कशी आहेस?’ असा एक रकाना मी उगाच आखून ठेवला होता, तो महिनाभर कोराच राहिला. बाईंनी तिथे लाल शाईने लिहिलं, ‘नोंदी घ्यायला विसरलीस का?’ बाकी वही त्यांना इतकी आवडली, की पालकसभेच्या दिवशी त्यांनी ती टेबलावर मधोमध मांडली. घरच्यांची नावं अर्थातच नव्हती. बाबा म्हणजे ‘व्यक्ती क’.

पालकसभेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आई मागून आली. बाबांनी वही उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘घरात बघ’ म्हटलेलं ते विसरून गेले होते; त्यांना वाटलं, लेकीने कुठली तरी मागासलेली वस्ती शोधून काढली! तुम्हाला माहीतच आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ त्यांना चार कोसांवरून दिसतं. तिथे जमलेल्या पालकांना त्यांनी चांगलं दहा मिनिटांचं भाषण दिलं. म्हणे, हा क म्हणजे माणूस आहे की कोण? बायको भरल्या ताटावरून उठते आणि याला पाणी हातात लागतं? असल्या माणसाला चौकात उभा केला पाहिजे! दोन पालकांनी मान डोलावली. मी खांबाआड उभी राहून देवाला सांगत होते, की पान उलटू देऊ नकोस. पण उलटलं. पुढच्या पानावर खुर्ची होती. क ची खुर्ची, क घरी नसतानाही तिच्यावर कोणी बसत नाही, आणि तिच्या मोडक्या पायाखाली जुनं कॅलेंडर दुमडून सरकवलेलं आहे. बाबा थांबले. तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, “अहो, हळू बोला. ते कॅलेंडर मीच घातलंय.”

घरी आल्यावर बाबा त्याच खुर्चीत बसले आणि निकाल दिला, की घरची धुणी चव्हाट्यावर धुवायला शिकवणारा विषय या घरात चालणार नाही. मला राग आला, मामा, खूप राग आला. मी मत असं एकही लिहिलं नव्हतं. होतं ते लिहिलं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी.

मामीला नमस्कार. तुमच्या कंबरेला माझा आदर.

तुमची,
संशोधकबाई

ता. क. : बाबा तुमचं ऐकतात. शनिवारच्या आत एक फोन करून सहीचं बघा, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २ : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून पुढचं लिहिते. फोन करू नका, सही झाली. अर्जावर फक्त ‘पालकाची सही’ असं छापलंय. पालक म्हणजे बाबाच, ही केवळ आमच्या जमातीची समजूत. मी अर्ज ड्रॉवरमधून काढला, सही आईने केली. आधी माझ्या वहीच्या मागच्या पानावर चारदा गिरवून बघितली, कारण बऱ्याच वर्षांत तिची सही कोणी मागितलीच नव्हती.

ता. क. ३ : तरी फोन कराच. तक्ता तीनमध्ये तुमचेही सात फोन आहेत. सातही आईने उचलले, आणि सातही वेळा तुम्ही विचारलंत, ‘भाऊजी आहेत का?’ या वेळी ताईला विचारा, कशी आहेस, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबा. वेळ लागेल. काल मी विचारून पाहिलं. महिनाभर वही घेऊन मागे फिरले, पण मीही पहिल्यांदाच विचारत होते. तिने वर न बघताच म्हटलं, “काय हवंय?”

आणि अर्ज माझ्या हातातच होता.