दोन बोटं सैल

ता. १२ मार्च २०२४, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. टेप स्पिरिटने पुसून गुंडाळला आणि लिहायला बसलो.

ती. काका यांस,

वाकून नमस्कार. (हल्ली दिवसभर लोकांच्या कमरेशी वाकलेलाच असतो, त्यामुळे वेगळा वाकलो नाही, राग मानू नये.) तब्येत कशी आहे? ताईकडे चार दिवस म्हणून गेलात, त्याला दीड महिना झाला. फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. काकू खुशाल आहे. आपल्या शिंपीकामाच्या दुकानाचं शटर मी रोज संध्याकाळी अर्धंच उघडतो, म्हणजे दुकान बंद पडलं असं गिऱ्हाइकांना वाटू नये आणि आतही कोणी येऊ नये.

आरोग्याच्या सर्वेक्षणात मला घेतलं ते तुमच्यामुळेच. नाहीतर आठवीपर्यंत शिकलेल्याला कोण विचारतो? सर्वेक्षणाच्या डॉक्टर मॅडमनी "माप घेता येतं का?" म्हणून विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पाळण्यातून उतरला तो थेट टेपवरच." पण हे काम केवढं आहे, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. काका, आशियातल्या कितीतरी देशांत आपल्यासारख्या गल्ल्या निवडल्या आहेत. तिथली भाषा आपल्याला ओ की ठो कळणार नाही, पण टेप तसाच आणि मापायची जागाही तीच: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. तीच माणसं वीस वर्षं पुन्हा पुन्हा मापायची, रक्त तपासायचं, आणि पुढे कोणाला साखरेचा आजार जडला, कोणाचं हृदय थकलं, ते जुन्या मापाशी ताडून बघायचं. मॅडम म्हणतात, आपल्याकडची माणसं काट्यावर बेताची भरतात, पण चरबी आत पोटात दडून बसते, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबता येत नाही. हे ऐकल्यापासून मी टेपकडे पाठ करून बसत नाही. मी त्यांना विचारलं, तिकडचे लोकही माप देताना पोट आत ओढतात का? म्हणाल्या, सगळीकडे. डोळ्यांपुढे आणा काका, एवढा मोठा आशिया, आणि सगळा श्वास रोखून उभा!

आता घोटाळा सांगतो. गल्लीची मापं मोठ्या कचेरीत गेली आणि आठवड्यात उलट फोन आला, की या गल्लीत आहे तरी काय? माणसं किडकिडीत आणि पोटं नगाऱ्याएवढी! मॅडम हरखल्या. काहीतरी नवीनच हाती लागलं म्हणून दोन शास्त्रज्ञ विमानाने यायला निघाले होते (नंतर थांबवले). मी शर्टाला इस्त्री करून ठेवली. मग मॅडमच्या मनात काय आलं कोण जाणे, इथल्या आमच्या कचेरीतल्या लोखंडी खांबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याचं माप घे बरं." मी घेतलं. मग त्यांनी घेतलं. माझा खांब जाड निघाला.

"टेपखाली बोटं कशाला घातलीस?"

"सैल सोडायला."

"खांबाला?"

काका, हे तुमचं शिक्षण. वर्षानुवर्षं तुमच्या हाताखाली राहून बोटं आपोआप आत जातात, मला पत्ताही लागत नाही. मी नम्रपणे सुचवलं, की सगळ्यांतून दोन बोटं वजा करू. पण मग हेही सांगावं लागलं, की बोटं सरसकट दोन नसतात. पोटवाल्याला अडीच, नवऱ्यामुलाला तीन (लग्नानंतर अंगाने भरतात), आणि शिलाईत घासाघीस करणाऱ्याला एकच. मॅडम हळूच खुर्चीत बसल्या. मी टेप गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवला. पण नोकरीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळी गल्ली परत मापायची. महिनाअखेरपर्यंत. एकही माणूस सुटता कामा नये."

किराणेवाला तर अंगावरच आला. "एकदा बायकोसमोर अब्रू घेतलीस, तेवढ्याने भागलं नाही होय रे?" पण नवा आकडा ऐकला आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या बारीक झालो म्हणून आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटला. मलाही बरं वाटलं. पण काका, काहींची मापं सैल काढून टाकलं तरी मोठीच राहिली. ती खरी. तो आकडा लिहिताना पेन जड होतं. समोरचा माणूस हसत पट्टा लावत असतो, आणि आपल्याला वाटतं, पुढच्या वीस वर्षांचं काहीतरी आपण आत्ता मापलं आणि त्याला त्याची गंधवार्ता नाही.

सगळी गल्ली झाली. एकच माणूस उरला आहे. त्याच्यावाचून मॅडम फाइल पाठवायला तयार नाहीत, आणि मीही रोज त्याचीच वाट बघतो.

ताईला नमस्कार, मुलांना पापा.

तुमचा,
खांब फुगवणारा पुतण्या

ता. क. तो एक माणूस म्हणजे तुम्ही. रक्त दिलंत आणि दुसऱ्याच दिवशी बॅग उचललीत. तुम्हाला तर मी आदराने चार बोटं सोडली होती. शनिवारी सकाळी उपाशीपोटी या.

ता. क. २. रक्तात काय निघालं ते मला कोणी सांगत नाही, आणि कळलं तरी सांगायचं नाही अशी सही केली आहे. तेव्हा विचारू नका. एवढंच लिहितो, की किराणेवाल्याची मॅडमनी एकदाही चौकशी केली नाही. तुमची रोज करतात. आणि तुम्ही उचलत नाही तो परका नंबर त्यांचाच आहे.

ता. क. ३. तुम्ही म्हणाल, उपाशीपोटी रक्त द्यायचं त्या दिवशी चोरून चहा पिऊन गेलो होतो, त्याचंच काहीतरी दिसलं असेल. काकूने मला सांगितलं. मी लगेच जिना चढून मॅडमकडे गेलो आणि हात जोडून म्हणालो, काकांनी चहा घेतला होता. त्यांनी विचारलं, "किती?" म्हटलं, एकच कप. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एकच कप असेल, तर मग शनिवारची वाट बघू नकोस. उद्याच घेऊन ये त्यांना." तेव्हा हे पत्र पोस्टात टाकत नाही, मीच घेऊन निघालो.