कटला का वाढेना

४ जुलै
राव सरांनी सकाळी बोलावून काम दिलं. माझं एकटीचं! शहराबाहेरच्या एका तळ्यात रंगाच्या कारखान्याचं पाणी येतं. त्यात एक बुरशीनाशक असतं, रंग डब्यात खराब होऊ नये म्हणून घालतात ते. कारखाना म्हणतो, माशांना धोका नाही. मच्छीमार सोसायटी म्हणते, मासे मरत नाहीत हो, पण वाढतही नाहीत. सरकारी समितीला आमच्या प्रयोगशाळेचं मत हवंय. महिनाअखेर सुनावणी.
सर म्हणाले, "नवे प्रयोग मागाहून. जगभर झालेत ते आधी बघा." म्हणजे तो मोठा माहितीसाठा. कुठल्या रसायनाने पाण्यातला कुठला जीव किती मात्रेला मेला, ते सगळं पारखून एका जागी ठेवलेलं. माझ्या आवडीचं काम. घरी येताना विचारात बसचा नल्लकुंट्याचा स्टॉप गेला, पुढच्या विद्यानगरहून चालत परत.

७ जुलै
पारखून ठेवलेलं म्हणजे डोळे मिटून घ्यावं असं नाही. एकच प्रयोग दोन नावांनी. कुठे मायक्रोग्रॅमच्या जागी मिलीग्रॅम, म्हणजे थेट हजारपट! शेजारच्या टेबलावर फरहीन, आमच्याकडच्या पाणपिसवा, पाण्यात उड्या मारणारे ठिपक्याएवढे जीव, तीच पाळते. डोकावून म्हणाली, "इत्ता खुश कायकू हो रई? कचरा तो निकाल रई." तिला काय सांगू. कचरा निघाला की खाली जे दिसायला लागतं ना...
जेवताना बाबांना सांगितलं. जन्मभर वकिली केलेला माणूस, लगेच उलटतपासणी. "प्रयोग कुणी केला? आणि औषध न घातलेल्या पाण्यात किती मेले?" घास हातात तसाच. अहो बाबा, आमचाही पहिला प्रश्न हाच असतो!

११ जुलै
आलेख झाला!! एकेका जीवाचा एकेक ठिपका, रांगेत लावले, त्यांतून रेघ ओढली. सगळ्यात नाजूक डावीकडे, चिवट उजवीकडे. मासे सगळे उजवीकडे, मजेत. शेवाळ मधे. आणि डावीकडे, पार टोकाला, पाणपिसवा. तळ्यातल्या पाण्यातली मात्रा पिसवांच्या पलीकडे आणि माशांच्या अलीकडे. म्हणजे मासा जगतो, त्याचं खाणं मरतं. तळ्यातला कटला मासा तर या पिसवांवरच पोसतो!
उठून फ.ला मिठी मारली. तिच्या हातात बीकर. "अगे हल्लू! बच्चे हैं मेरे!"

१२ जुलै
सगळ्यात डावीकडचा ठिपका. मूळ लेख शोधून वाचला. औषध न घातलेल्या पाण्यातल्या पिसवाही धडाधड मेल्यात त्यात. मग औषधाने मेल्या कशावरून? ठेवला तर आमची बाजू भक्कम. रा. सरांना विचारायला गेले. त्यांनी तेवढा तक्ता वाचला आणि लेख माझ्याच हातात परत दिला.
काढला. चरफडत काढला. रेघ उजवीकडे सरकली. धोका आहेच, पण आता जेमतेम.
शिवाय उरलेल्या पिसवा सगळ्या थंड देशांतल्या. इथल्या तळ्याचं काय, असं कुणी विचारलं तर?

१५ जुलै
फ.ला घेऊन तळ्यावर. सोसायटीचे अध्यक्ष मल्लेश अण्णा होडी घेऊन तयार. जाळ्यातला कटला दाखवला. डोकं केवढं, अंग वाळकं. "पानी साफ दिखता मेडम. मच्छी खाती, पर अंग को लगता नै."
बारीक जाळी ओढली. कारखान्याचा नाला तळ्यात पडतो त्या तोंडाशी बाटलीत नुसतं पाणी. पलीकडच्या काठाला बाटली जिवंत! उड्या मारणारे ठिपकेच ठिपके. फ. ओरडली, मी ओरडले, उभ्या राहिलो, होडी डुलली. अण्णा भडकले, "कूर्चोंडम्मा!" मुकाट बसलो.
पण एवढ्याने काय सिद्ध होतं? नाल्याशी दुसरंही काही असेल. पलीकडच्या पिसवा बरोबर आणल्यात. आता त्यांच्यावरच प्रयोग.

२० जुलै
तळ्यातल्या पिसवा, तेच बुरशीनाशक, चढत्या मात्रा. साध्या पाण्यातल्या ठणठणीत. बाकीच्यांची गणती फ.नं केली, मग मी केली, मग पुन्हा तिनं. आकडा जुळला. ठिपका आलेखावर ठेवला... थंड देशांतल्या बहिणींच्या शेजारीच जाऊन बसला! किंचित डावीकडे, म्हणजे जरा जास्तच नाजूक. रेघ आधी बोलली होती, पिसवा नंतर.
बाबांना फोन. "साक्षीदार टिकला?"
"टिकला, बाबा!"

२९ जुलै
सुनावणी. कारखान्याचे सल्लागार कडक इस्त्रीतले. "एक मेलेला मासा दाखवा." मी म्हटलं, मासा मेला नाहीच, उपाशी आहे. आलेख लावला. ते म्हणाले, "गैरसोयीच्या नोंदी गाळल्या असतील तुम्ही." म्हटलं, गाळली ना, आमच्या सोयीची! काढलेला ठिपका कारणासकट दाखवला. समितीच्या अध्यक्षबाई पुढे झुकल्या, पहिल्यांदाच. मग प्रश्नांवर प्रश्न. काय मजा आली!
कारखान्याने स्वतःच्या चाचण्यांसाठी मुदत मागितली. निर्णय राखून. बाहेर रा. सर एवढंच, "बागा चेप्पावम्मा." छान बोललीस. त्यांच्या तोंडून!

२ ऑगस्ट
निर्णय नाही. मल्लेश अण्णांचा फोन. माशांच्या पिल्लांची, बोटुकलीची गाडी परवा येतेय. नको म्हटलं तर यंदाची सगळी दुसऱ्या तळ्याला जातील. "छोडूं क्या मेडम? आप बोलो."
जे ठाऊक ते सांगितलं. पलीकडच्या काठाला खाणं आहे, नाल्याकडे नाही. मासा हद्द मानत नाही. नाला कधी बंद होईल, होईल की नाही, मला ठाऊक नाही.
मग अण्णा, "आधे छोडता. उस कोने में. आधे वापस."
परवा फ. आणि मी जाळी घेऊन जातोय. पलीकडच्या त्या कोपऱ्यात पिसवा अजून आहेत का, गाडी रिकामी व्हायच्या आत बघायचंय.