मी ट्यूबसाठी जात नाही

३ मार्च २०११, गुरुवार
आजपासून रोजनिशी. १९५४ सालचा रंगीत टीव्ही एकट्या माणसाने कसा जिवंत केला, याची कुठेतरी नोंद हवी म्हणून. आर्डिथ म्हणाली, नोंदही तळघरातच ठेव, वर जागा उरलेली नाही. बायको आहे, बोलणारच.

सद्यःस्थिती. तळघरात सतरा जुने रंगीत सेट. अठरावा आणायचा नाही. ठाम. सगळ्यात मोलाचा तो चोपन्न सालचा. लाकडी कॅबिनेट मी पॉलिश केलं, पंचाण्णव कपॅसिटर मी बदलले, आवाज खणखणीत येतो. चित्र येत नाही, कारण पंधरा इंची पिक्चर ट्यूब मेलेली आहे. असल्या ट्यूबा आता कुणी बनवत नाही. चालू स्थितीतल्या अख्ख्या ओहायोत दोन-तीन असतील.

त्यातली एक ऑर्व्हल क्रेसच्या तळघरात आहे.

ऑर्व्हल शहाऐंशी वर्षांचा. बायको गेली, मुलंबाळं नाहीत, महिनाभर खोकला. आज सकाळीच त्याला भेटून आलो. आर्डिथने केलेलं ट्यूना-नूडल्सचं कॅसरोल नेलं. याचा ट्यूबशी काडीचा संबंध नाही. चाळीस वर्षांची मैत्री आहे. मधली पाच-सहा वर्षं जाणं झालं नव्हतं, पण माणसाला कामं असतात.

१० मार्च, गुरुवार
ऑर्व्हलकडे गेलो तर स्वयंपाकघरात मर्ल टेबर बसलेला! पत्ते पिसत होता. समोर डोनटचा खोका. मर्ल म्हणजे आमच्या जुन्या टीव्हींच्या क्लबचा सभासद. आयुष्यभर गावाच्या सेप्टिक टँक उपसल्या, आता निवृत्त. स्वतःकडे तीनच सेट, तेही काळेपांढरे. दर गुरुवारी दुपारी येतो म्हणे. हा माणूस आजारी म्हाताऱ्याकडे दर गुरुवारी काय करतो? मला सगळं दिसतं.

आमच्यात रीत अशी की क्लबमधला कुणी गेला, की त्याची बायको क्लबला फोन करते आणि ज्याचा ट्रक आधी पोहोचेल त्याचे सेट. ऑर्व्हलला बायकोच नाही. मग फोन करणार कोण? फार काळजी वाटते. ऑर्व्हलची.

मर्ल गिधाड आहे. हे इथे लिहून ठेवतो.

१४ मार्च, सोमवार
क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. ७ मेच्या वार्षिक सभेत प्रात्यक्षिक कोण करणार? मी म्हणालो, मी. चोपन्न सालच्या सेटवर जिवंत रंगीत चित्र. मग तो म्हणाला, व्हर्लिन, ट्यूब मिळाली की काय तुला? मी म्हणालो, मिळाल्यातच जमा. तो पोस्टर छापणार आहे. माझं नाव मोठ्या अक्षरांत.

आर्डिथला सांगितलं. तिने विचारलं, ऑर्व्हलला ठाऊक आहे का हे? विषय बदलला.

१७ मार्च, गुरुवार
बर्फ पडलं होतं. ऑर्व्हलच्या दारापासून रस्त्यापर्यंतचं सगळं मी उपसलं. पाठीत उसण. मग मर्ल आला आणि साफ केलेल्या वाटेवरून ऐटीत आत गेला.

तळघरात त्याचा चोपन्न सालचा सेट पाहिला. अजून देखणा आहे. मागचं झाकण उघडून जरा बघू का, म्हटलं, नुसती धूळ झटकतो. ऑर्व्हल म्हणाला, राहू दे, उजेड सोसत नाही त्याला. किती जपतो! अशा माणसाची वस्तू योग्य हातात गेली पाहिजे. तळघरात ओल आहे, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, एकोणीसशे एकसष्टपासून आहे.

२४ मार्च, गुरुवार
ऑर्व्हलचा खोकला ओसरतोय. आनंद झाला. खूपच आनंद झाला. जेवण गेलं नाही.

७ एप्रिल, गुरुवार
आज सहज बोलता बोलता मृत्युपत्राचा विषय निघाला. मीच काढला, पण सहज. म्हटलं, माणसाने वेळेवर लिहून ठेवलं की मन हलकं होतं. ऑर्व्हल म्हणाला, लिहिलंय. मी म्हटलं, वा. थोडा वेळ थांबलो. आंबटगोड सारणाच्या रुबार्ब पायचा दुसरा तुकडा घेतला त्याने. तो भाजलेला आर्डिथने.

मर्ल पत्त्यांतून वर बघत म्हणाला, व्हर्लिन, तुझं लिहिलंस का? तुझ्या तळघरातलं निघायला तर रणगाडे लागतील. दोघेही हसले. ऑर्व्हल इतका हसला की खोकला यायला हवा होता. आला नाही.

१६ एप्रिल, शनिवार
मॅन्सफील्डजवळच्या एका घरातून एकवीस इंची, गोल पडद्याचा सेट आणला. हा अठरावा नव्हे. विकत आणला असता तर अठरावा. हा कचऱ्यात जाणार होता, मी वाचवला. वाचवलेला मोजत नाहीत.

आर्डिथने कपडे वाळवायचं यंत्र कुठे गेलं, असं विचारलं. गॅरेजमध्ये आहे. तिथे हवा खेळती आहे, उलट बरंच.

२१ एप्रिल, गुरुवार
ऑर्व्हलचं वजन नऊ पौंडांनी वाढलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ. सकाळी तो पोस्टापर्यंत चालत गेला आणि चालत आला. म्हणाला, व्हर्लिन, तुझ्या बायकोच्या कॅसरोलनं मला उठवलं.

हे ऐकून मला फार बरं वाटलं, असं मी त्याला सांगितलं.

सभेला सोळा दिवस. पोस्टर छापून आलं. चर्चच्या फलकावरही लागलंय.

२८ एप्रिल, गुरुवार
झालं! मिळाला!

मी काही मागितलं नाही. मागायचा माझा स्वभावच नाही. फक्त पोस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हटलं की आता नऊ दिवस आहेत, बघू या देवाच्या मनात काय आहे. ऑर्व्हल कितीतरी वेळ पोस्टरकडे बघत राहिला. मग म्हणाला, घेऊन जा. नुसती ट्यूब कशाला, अख्खा सेट ने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. हे मैत्रीचं फळ आहे. आठ आठवडे स्वच्छ मनाने गेलो, त्याचं.

मर्लचं तोंड बघण्यासारखं होतं. म्हणाला, ऑर्व्हल, सांगणार नाहीस का त्याला? ऑर्व्हल म्हणाला, तू पत्ते पिस. जळफळाट, दुसरं काय! तरी एकशे साठ पौंडांचा सेट जिन्यावरून चढवायला मर्लनेच हात दिला. पाठ सांभाळ रे, म्हणाला. हरलेल्या माणसाने गोड बोलायचं ठरवलं की असंच बोलतो.

२९ एप्रिल, शुक्रवार
सकाळी झाकण उघडलं.

ट्यूबच्या मानेत आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला आहे. म्हणजे आत हवा शिरली. म्हणजे ट्यूब मेली. आज-काल नव्हे, डागावरून कळतं, फार वर्षांपूर्वी.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पांढराच.

ऑर्व्हलला फोन केला. मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण चूक त्याची. तो शांतपणे म्हणाला, हो, सत्त्याण्णव सालीच गेली ती. मी म्हटलं, मग आठ आठवडे बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोललो असतो, तर तू आला असतास?

मी म्हणालो, म्हणजे काय! अर्थात आलो असतो! हा काय प्रश्न झाला!

तो म्हणाला, बरं मग. गुरुवारी ये. या खेपेला रुबार्ब पाय मी करतो.

१ मे, रविवार
खचायचं नाही. सेक्रेटरीला कळवलं की प्रात्यक्षिक होणारच, फक्त विषयात किंचित बदल: चोपन्न सालच्या रंगीत सेटचा अस्सल आवाज. चित्र काय, कुणीही दाखवतं. आवाजाकडे आजवर कुणाचं लक्षच गेलेलं नाही. 

सेक्रेटरी म्हणाला, व्हर्लिन, रेडिओवाल्यांची सभा जूनमध्ये असते. माझ्या जागी दुसऱ्याला घेतलं. चर्चच्या फलकावरचं पोस्टर मी स्वतःच काढून आणलं, वाऱ्याने फाटलं असतं म्हणून.

५ मे, गुरुवार
ऑर्व्हलकडे गेलो नाही. कारणं: पाठ दुखते. गॅरेजमधलं यंत्र परत आत आणायचंय. वाचवलेल्या सेटचे व्हॉल्व्ह तपासायचेत. शिवाय ज्याने फसवलं त्याच्या घरी जाऊन त्याने केलेला रुबार्ब पाय खायचा, एवढा मी लाचार नाही. तो आता ठणठणीत आहे. त्याला माझी गरज नाही.

आर्डिथ दुपारी कॅसरोल घेऊन स्वतःच गेली. मी अडवलं नाही. साडेपाचला परत आली, कोट काढला, आणि बसून राहिली.

सांगत होती, ऑर्व्हलने रुबार्ब पाय केला होता, खालून जळलेला. टेबलावर चार बशा मांडल्या होत्या. चौथी बराच वेळ तशीच ठेवली होती त्याने. मर्ल होता. मी म्हटलं, असणारच, त्याला अजून पत्ता नसेल ट्यूब मेल्याचा. आता कळेल, मग बघ पुढच्या गुरुवारी येतो का.

आर्डिथ म्हणाली, त्याला ठाऊक आहे. सत्त्याण्णव साली ट्यूब त्यानेच तपासली होती, स्वतःच्या मीटरवर. ऑर्व्हलची बायको त्याच हिवाळ्यात गेली. तेव्हापासून दर गुरुवारी जातो तो. चौदा वर्षं.



मग तिने विचारलं, टोमणा नव्हता, खरंच विचारलं, की मग इतकी वर्षं मर्ल तिथे कशासाठी जात होता रे, व्हर्लिन?

मी म्हणालो, मला काय माहीत. आणि खाली तळघरात आलो. वाचवलेला धरून एकोणीस सेट आहेत. मोजले.