शेपटीला खाच असलेला गरुड

आप्पा, गेल्या शनिवारी तुम्ही केलेला एक क्रॉस माझ्या टेबलावर आला. टेबल म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या गिरावीनच्या घरापासून वीस मिनिटांवर कौन्सिलचा एक हॉल आहे, तिथलं घडीचं टेबल. महिन्यातून एका शनिवारी आम्ही पाच-सहाजण तिथे बसतो आणि लोक घरातल्या जुन्या लष्करी वस्तू घेऊन येतात. आजोबांचं पदक, पणजोबांचा पट्टा, कुणीतरी खंदकातून उचललेलं बक्कल. काय आहे, कुठलं आहे, खरं की नकली, एवढं आम्ही सांगायचं. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन पदकं ओळखणारे इथे पुष्कळ. जर्मन बादशाहीच्या काळातलं काही आलं की ते माझ्याकडे पाठवतात. एका मराठी बाईला हे कसं येतं, याचं आधी सगळ्यांना नवल वाटायचं. आता वाटत नाही. मीही कधी कुणाला कारण सांगितलं नाही.

बहुतेक वेळा येतो तो लोखंडी क्रॉस. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या इथल्या सैनिकांनी खिशात घालून आणलेला. तो मी कडेने बघते. अस्सल असेल तर मधलं काळं लोखंड वेगळं आणि भोवतीची चांदीची चौकट वेगळी, आणि चौकटीच्या दोन भागांचा सांधा कडेवर केसासारखा दिसतो. सबंध एकाच साच्यातून ओतलेला असेल तर तो नकली. वस्तू आधी कडेने बघायची, तोंड सगळेच सजवतात, हे मला तुम्ही सांगितलंत. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तुम्ही शाळेच्या स्पर्धेत मिळालेलं माझं पदक उलटसुलट करून बघत होतात. ते तुमच्याच दुकानातून गेलेलं निघालं होतं.

भुलेश्वरच्या त्या दुकानात तुम्ही शाळांची, व्यायामशाळांची पदकं करायचात, ठसे कापायचात, मीना भरायचात. मग शेठनी एक दिवस परदेशी कॅटलॉगातलं पान तुमच्यासमोर ठेवलं. होहेनझोलर्न राजघराण्याचा क्रॉस. लढाईत नाव काढलेल्या अधिकाऱ्यांना मिळायचा. काळ्यापांढऱ्या मीन्याच्या चार भुजा, मागे पानांची सोनेरी माळ, दोन तलवारी, आणि मधल्या गोलात पंख पसरलेला काळा गरुड. शेठ म्हणाले, "असाच्या असा व्हायला हवा." तुम्ही ते पान घरी आणलंत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, डब्यांच्या रांगेला टेकवून ठेवलंत. फोटो एवढासा आणि पुसट होता. गरुडाचं डोकं कळत होतं, पंख कळत होते, शेपूट मात्र नुसता काळा ठिपका. तुम्ही खिडकीतून मासळी बाजाराच्या पत्र्यांवर फिरणाऱ्या घारी बघत बसायचात. गरुडाभोवतीच्या निळ्या कड्यातली अक्षरं तुम्ही एकेक चित्र समजून उतरवलीत आणि मला विचारलंत, "इंग्रजी शिकतेस ना, काय लिहिलंय?" मला सांगता आलं नाही. ते इंग्रजी नव्हतंच, आप्पा. जर्मन होतं. खडकापासून समुद्रापर्यंत, असं लिहिलेलं आहे.

पहिला गोल पुरा झाल्यावर तुम्ही मला भिंग दिलंत. मी शहाणपणाने म्हटलं, "आप्पा, गरुडाच्या शेपटीला मधे खाच नसते. ही घारीची शेपूट आहे."

"तू बघितलायस गरुड?"

"पुस्तकात बघितलाय."

"मग पुस्तकवाल्यांना कर म्हणावं." आई हसली. धाकटी तेव्हा तिच्या मांडीवर होती, सात-आठ महिन्यांची. मी जरा चेकाळले आणि विचारलं, "पण हे सगळं खोटंच आहे ना?" तुमचा हात उठला. मारलं नाहीत. उठलेल्या हाताने भिंग काढून घेतलंत आणि म्हणालात, "काम खोटं नसतं. खोटं बोलतो तो विकणारा. परत हा शब्द माझ्या कामाला लावू नकोस." तेव्हा मला ते पटलं. आजही अर्धं पटतं.

मुलाम्याचं काम तुम्ही घरी आणलंत ते त्यानंतर. शेठचं म्हणणं, विजेवरचा मुलामा पिवळाधमक दिसतो, जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं. जुना मुलामा हवा, पाऱ्याचा. मला ते रविवार आजही दिसतात. तुम्ही सोन्याचा कीस पाऱ्यात खलताय, त्याचं लोणी होतंय, ते कुंचल्याने तलवारींवर आणि पानांच्या माळेवर लावताय. मग चिमट्यात धरून स्टोव्हवर. पांढरट लोणी बघता बघता मळकट होतं आणि पारा उडून गेला की खाली सोनं उरतं, झोपेतून उठल्यासारखं मंद. ते तुम्ही अकीकाच्या दगडाने घासून चमकवायचात. ज्योत हलू नये म्हणून खिडकी लावलेली असायची. आई बाहेर पॅसेजमध्ये भाजी निवडत बसायची आणि धाकटी ओट्याखाली, चटईवर, कारण तिथे फरशी गार लागायची. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो, आप्पा. वास असता तर आईने आम्हाला बाहेर काढलं असतं.

हिवाळ्यात धाकटीचे तळहात लाल झाले. मग तळपाय. सालं निघायला लागली. ती घामाने भिजलेली असायची, उजेड दिसला की डोळे गच्च मिटायची आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. रडणं थांबायचं नाही. स्वतःचे केस उपटायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जी सांगितली, मग जीवनसत्त्व कमी पडलंय म्हणाले. आईने खोबरेल लावलं, दृष्ट काढली. तुम्ही तिच्या हातांवर फुंकर घालत बसायचात. वर्ष सरायच्या आत छातीत कफ होऊन ती गेली. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्टोव्ह पुन्हा पेटवलात. मी बघत होते. मला वाटलं, दुःख विसरायला माणूस काम करतो, तसं असेल.

मग तुमचे हात कापायला लागले. चहाची बशी हातात वाजायची. हिरड्या सुजल्या, दात हलले. कधीच न ओरडणारे तुम्ही आईवर ताट भिरकावलंत आणि मग मोरीत जाऊन रडत बसलात. ठसा कापता येईना म्हणून शेठनी तुम्हाला पदकांना फिती ओवायला बसवलं, पुढे तेही थांबलं. धाकटी गेल्यानंतर चार वर्षांनी तुम्ही गेलात. मी सोळा वर्षांची होते. लोक म्हणाले, मुलीचा धसका घेतला. आईही तेच म्हणत राहिली, आणि मी तिला तेच म्हणू दिलं.

आता मी वेस्टमीडला पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे, वीस वर्षं झाली. पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे एका माणसाच्या रक्ताचं सॅम्पल पारा तपासायला आलं होतं. टी-रूममध्ये त्याचा विषय निघाला, तेव्हा रिटायर व्हायला आलेली एक सहकारी बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली, "माझ्या आईची पहिली मुलगी पाऱ्यानेच गेली. पिंक डिझीज. बाळांना दात येताना द्यायचे त्या पावडरीत असायचा तेव्हा. मी तर जन्मलेही नव्हते. आई सांगायची, हात कच्च्या मांसासारखे दिसायचे आणि पोरगी उजेडात डोळेच उघडायची नाही."

मी म्हटलं, "परत सांग."

तिने परत सांगितलं. मग म्हणाली, "आर यू ओके, लव्ह?" मी उठून कार पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. परत येऊन शिफ्ट पुरी केली. आईला मी हे कधीच कळवलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या समजुतीत धाकटी कफाने गेली होती आणि तुम्ही धसक्याने.

त्यानंतर मी जर्मन पदकांची पुस्तकं आणायला लागले. घरच्यांना वाटलं, मला एक छंद लागला. माझी मुलगी म्हणते, "मम, दॅट्स सो रँडम." मला फक्त एकदा बघायचं होतं की आपल्या घरातली दोन माणसं कशाच्या नकलेपायी गेली. मेलबर्नच्या एका प्रदर्शनात अस्सल क्रॉस पाहिला, काचेमागे. शेपटीची पिसं अखंड, पंख्यासारखी. मीना तुमच्यापेक्षा चांगला होता, हे कबूल करते. पण तुमची पानांची माळ त्यांच्या माळेपेक्षा जिवंत होती.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. मुलामा दुकानात का नाही करत, असं आईने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "बाकीचे कारागीर कटकट करतात. डोकं दुखतं म्हणतात." आप्पा, हे वाक्य तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललात. चार दणकट माणसांचं डोकं ज्याने दुखतं ते तुम्ही बंद खिडकीच्या आत, तान्ह्या पोरीच्या डोक्यावर पेटवलंत. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? की थोडं कळलं होतं आणि काम सुटू द्यायचं नव्हतं? आणि ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी?

तर शनिवार. एक म्हातारे गृहस्थ आले, चौऱ्याऐंशीचे, पूर्वी रेल्वेत होते. बरोबर माझ्या वयाची मुलगी. ते एज्ड केअरला, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला चाललेत, म्हणून घरातल्या वस्तूंची वाटणी चालली होती. त्यांनी आधी एक फोटो ठेवला. जर्मन सैन्यातले त्यांचे आजोबा, छातीवर तो क्रॉस. युद्धानंतर आजोबा इकडे आले, आणि क्रॉस कुठेतरी हरवला. या गृहस्थांच्या बायकोने कितीएक वर्षं पत्रं लिहून लिहून तसाच एक मिळवला आणि यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दिला. विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं की हा आजोबांच्याच तुकडीतल्या अधिकाऱ्याचा आहे. बायको आता नाही. त्यांनी डबी उघडली.

मी कडेने बघितलं नाही, आप्पा. गरज पडली नाही. शेपटीला मधोमध खाच होती.

मी भिंग डोळ्याला लावलं, कारण भिंगाआड असलं की चेहरा कुणाला दिसत नाही. मग विचारलं, "खरं सांगू, की बरं वाटेल असं सांगू?"

"खरं सांग, लव्ह. माझ्याकडे आता फार वेळ नाहीये."

"हा त्या काळातला नाही. नंतर केलेली नक्कल आहे. इंडियात केलेली, साधारण चाळीस वर्षांपूर्वी."

मुलगी म्हणाली, "डॅड, इट्स ओके." पण ते ओके नव्हते. त्यांनी डबी बंद केली, परत उघडली. म्हणाले, "सहा वर्षं ती शोधत होती. किचनच्या टेबलावर बसून पत्रं लिहायची." मग त्यांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "कसला माणूस असेल हा? एका बाईला असं फसवायचं? स्वतःच्या घरी बायकापोरं असतील ना त्याला? त्यांच्याकडे बघायला कशी लाज वाटली नसेल?"

मला म्हणता आलं असतं की फसवणारा वेगळा आणि घडवणारा वेगळा. तुम्ही मला शिकवलेलं वाक्य तयार होतं. माळेचं एकेक पान बघा, असं म्हणता आलं असतं. या सोन्यासाठी एक मूल गेलं, हेही सांगता आलं असतं, आणि मला वाटतं त्यांनी ते ऐकून घेतलं असतं.

"कुणी केला असेल, काही कल्पना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अशा वस्तूंवर नाव नसतं."

"मेला असेल आता."

"असेल."

मी चिठ्ठीवर लिहून दिलं: नंतरची प्रतिकृती, कारागीर अज्ञात. मुलीने डबी पिशवीत टाकली, वडिलांना हात दिला आणि दोघं गेले. मी टेबल आवरलं आणि घरी आले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एवढं लिहून टाकते. आपल्या घरात धाकटीसाठी तुमच्यावर कधी कुणी रागावलं नाही. आईला माहीत नव्हतं, आणि मला कळलं तेव्हा रागवायला तुम्ही नव्हतात. त्या हॉलमध्ये एक परका माणूस तुम्हाला नाही नाही ते बोलत होता, आणि मी त्याला थांबवलं नाही ते भिडेपोटी नव्हे. मला बरं वाटत होतं. त्याने आणखी थोडं बोलावं असं वाटत होतं.